फाइल सिस्टीमच्या ताणचाचण्या आणि कालमर्यादेचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, ग्रंथालयाची दाखल नोंदवही, बँकेची खाती, रुग्णालयातील केसपेपर, जमिनीचे उतारे अशी संगणकावर साठविलेली प्रत्येक नोंद अखेरीस एका व्यवस्थेच्या भरवशावर असते. तिला संगणकशास्त्रात फाइल सिस्टीम असे म्हणतात. कोणती फाइल डिस्कच्या कोणत्या भागात आहे, तिचे नाव काय, आकार किती, ती कोणी केव्हा बदलली, याचा सर्व हिशेब ही व्यवस्था ठेवते. इतर एखाद्या आज्ञावलीत दोष निघाला तर ती बंद पडते आणि पुन्हा सुरू करता येते. फाइल सिस्टीममध्ये दोष निघाला तर साठविलेली माहितीच बिघडते. हा बिघाड पुष्कळदा त्याच क्षणी दिसत नाही. काही महिन्यांनी फाइल उघडल्यावर तो उघडकीस येतो आणि तोपर्यंत बिघडलेल्या फाइलच्याच प्रती राखीव संचात जमा झालेल्या असतात.

या कारणामुळे फाइल सिस्टीम लोकांच्या हाती देण्यापूर्वी तिच्यावर मुद्दाम भार टाकून पाहण्याची प्रथा पडली. एकाच वेळी असंख्य फाइली निर्माण करणे, पुसणे, नावे बदलणे, मध्येच कापणे, पुन्हा लिहिणे अशा क्रियांचा भडिमार करून व्यवस्था टिकते की नाही हे पाहिले जाते. यालाच ताणचाचणी म्हणतात. तथापि ताणचाचणीला स्वाभाविक असा शेवट नसतो. दोष सापडला तर चाचणी आपोआप संपते. सापडला नाही तर ती केव्हा थांबवावी, या प्रश्नाचे उत्तर चाचणीच्या रचनेत मिळत नाही. ते बाहेरून द्यावे लागते. हे उत्तर गेल्या सुमारे साडेतीन दशकांत कसकसे बदलत गेले आणि त्या बदलामागे कोणती कारणे होती, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

निबंधाची उद्दिष्टे

१) फाइल सिस्टीमच्या ताणचाचण्यांचा उगम व विकास कालक्रमाने मांडणे.
२) चाचणी थांबविण्याच्या निरनिराळ्या मापांचा, म्हणजे क्रियासंख्या, काळ व व्याप्ती यांचा तुलनात्मक विचार करणे.
३) चाचणीचा कालावधी आणि फाइल सिस्टीमची विश्वासार्हता यांचा संबंध प्रत्यक्ष घटनांच्या आधारे तपासणे.

पार्श्वभूमी : दुरुस्तीकडून चाचणीकडे

युनिक्स ही कार्यप्रणाली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी इ.स. १९६९ पासून विकसित केली. तिच्या आरंभकाळात फाइल सिस्टीमची चाचणी हा स्वतंत्र विषय नव्हता. विजेच्या खंडाने किंवा कार्यप्रणाली अचानक बंद पडल्याने हिशेब बिघडला, तर तो तपासून दुरुस्त करणाऱ्या लहान आज्ञावली उपलब्ध होत्या. सत्तरच्या दशकात आयचेक, डीचेक अशा स्वतंत्र साधनांनी हे काम होत असे. पुढे टी. जे. कोवाल्स्की यांनी बेल प्रयोगशाळेत एफएसचेक ही आज्ञावली रचली आणि तपासणी व दुरुस्ती ही दोन्ही कामे एकत्र आली. बर्कले विद्यापीठात मार्शल कर्क मॅक्युसिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी वेगवान फाइल सिस्टीम तयार केली. ती १९८३ च्या बीएसडी ४.२ आवृत्तीत समाविष्ट झाली. तिच्याबरोबरही हेच साधन सुधारित रूपात वापरले गेले.

या काळातील दृष्टी मुख्यतः वैद्याची होती. रोग झाल्यावर उपचार करावा, अशी तिची पद्धत होती. रोग होण्यापूर्वीच दुर्बल जागा शोधून काढाव्यात हा विचार नंतर आला. मात्र त्याची सैद्धांतिक भूमिका आधीच तयार झाली होती. १९६९ मध्ये रोम येथे भरलेल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या परिषदेत एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी एका मर्यादेवर बोट ठेवले होते. चाचणीतून दोष आहे एवढे दाखविता येते, दोष नाही असे सिद्ध करता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे विधान मान्य केले की एक अडचण लगेच उभी राहते. चाचणी कितीही लांबविली तरी दोषाचा अभाव सिद्ध होणार नसेल, तर ती नेमकी किती लांबवावी? फाइल सिस्टीमच्या ताणचाचण्यांचा पुढील इतिहास म्हणजे या प्रश्नाला व्यवहाराने दिलेल्या उत्तरांची मालिका आहे.

यादृच्छिकतेचा स्वीकार

ऐंशीच्या दशकाअखेर विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. युनिक्सवरील नेहमीच्या वापरातील आज्ञावलींना त्यांनी अर्थहीन व यादृच्छिक अक्षरांचा प्रवाह पुरविला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या आज्ञावलींपैकी २५ ते ३३ टक्के आज्ञावली कोलमडल्या किंवा अडकून पडल्या. माणसाने विचारपूर्वक रचलेल्या चाचण्यांतून न सुटलेले दोष निर्विचार यादृच्छिकतेने सहज बाहेर काढले, हा या प्रयोगाचा धडा होता.

याच सुमारास नेक्स्ट कॉम्प्युटर या कंपनीत अव्हाडिस तेव्हानियन यांनी एफएसएक्स ही आज्ञावली लिहिली. तिच्या मूळ संहितेवर १९९१ या वर्षाची स्वामित्वनोंद आहे. तिची कल्पना अत्यंत साधी, पण विलक्षण परिणामकारक होती. एकच फाइल घ्यावयाची, तिच्यावर यादृच्छिक जागी यादृच्छिक लांबीचे लेखन, वाचन व छाटणी करावयाची आणि त्याच वेळी त्या फाइलची एक अचूक प्रत संगणकाच्या स्मृतीत राखावयाची. फाइलमधून वाचलेली माहिती व स्मृतीतील प्रत यांत एका बाइटचाही फरक आढळला, की चाचणी तेथेच थांबते आणि अखेरच्या क्रियांची यादी छापते. नेक्स्ट ही कंपनी ॲपलने घेतल्यानंतर १९९८ ते २००१ या काळात तेथील अभियंत्यांनी या आज्ञावलीत मोठ्या सुधारणा केल्या. पुढे ती फ्रीबीएसडी व लिनक्स या मुक्त प्रणालींच्या विकासकांनीही स्वीकारली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एफएसएक्सच्या रचनेतील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे, क्रियांची कमाल संख्या सांगितली नाही तर ती अमर्याद चालत राहते. दोष सापडेपर्यंत चालणे हीच तिची सहजवृत्ती आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, यादृच्छिक क्रम ज्या आरंभसंख्येतून निर्माण होतो ती संख्या चालकाला ठरविता येते. तीच आरंभसंख्या व तीच क्रियासंख्या दिली असता क्रियांचा तोच क्रम पुन्हा घडविता येतो. अमर्यादता आणि पुनरावृत्तीची शक्यता ही दोन वैशिष्ट्ये परस्परांना पूरक होती. दोष पाच लाखाव्या क्रियेवर सापडला, तर दुरुस्तीनंतर पुन्हा नेमक्या तेथपर्यंत जाऊन खात्री करता येत असे.

संस्थात्मक चाचणीसंच

सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने एक्सएफएस ही फाइल सिस्टीम १९९३ पासून विकसित केली आणि १९९४ मध्ये आपल्या आयरिक्स प्रणालीत आणली. १९९९ मध्ये ती मुक्त परवान्याखाली देण्याची घोषणा झाली व तिचे लिनक्सवर स्थलांतर सुरू झाले. या स्थलांतराबरोबर कंपनीची चाचणीची परंपराही मुक्त जगात आली. एफएसस्ट्रेस ही आज्ञावली आणि एक्सएफएसटेस्ट्स हा चाचणीसंच ही तिची दोन प्रमुख फळे होत. याच कंपनीच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट हा उपक्रमही सुरू झाला. पुढे आयबीएम, फुजित्सू, सुसे, रेड हॅट इत्यादी कंपन्यांच्या अभियंत्यांनी तो वाढविला.

एफएसस्ट्रेसचे स्वरूप एफएसएक्सपेक्षा निराळे आहे. ती एका फाइलवर लक्ष केंद्रित करीत नाही. ती अनेक प्रक्रिया एकाच वेळी सुरू करते आणि प्रत्येक प्रक्रिया फाइली व फोल्डर निर्माण करणे, जोडणे, पुसणे, त्यांची नावे बदलणे अशा डझनावारी क्रिया यादृच्छिक क्रमाने करते. लिहिलेली माहिती बरोबर आहे की नाही हे पाहणे हा तिचा मुख्य हेतू नाही. या गोंधळात कर्नल कोलमडतो का, अडकून पडतो का, आणि नंतरच्या तपासणीत हिशेब जुळतो का, हे तिच्या साहाय्याने पाहिले जाते. येथे एक नवी अडचण उद्भवली. अनेक प्रक्रिया समांतर चालत असल्यामुळे आरंभसंख्या तीच ठेवली तरी प्रक्रियांची परस्परांतील गुंफण दर वेळी बदलते. त्यामुळे क्रियासंख्या निश्चित केली, तरी तीच परिस्थिती पुन्हा उभी राहील याची हमी राहिली नाही. क्रियासंख्येच्या मापाचा एक मोठा आधार अशा रीतीने निखळला.

एक्सएफएसटेस्ट्स हा संच पुढे एक्सएफएसपुरता मर्यादित राहिला नाही. एक्स्ट४, बीटीआरएफएस इत्यादी फाइल सिस्टीमच्या विकासकांनीही तो आपलासा केला. २०१३ मध्ये त्यातील चाचण्यांची पुनर्रचना होऊन सर्वसाधारण चाचण्या आणि विशिष्ट फाइल सिस्टीमच्या चाचण्या असे विभाग पडले. संच जसजसा वाढला, तसतसा एकूण वेळाचा प्रश्न तीव्र झाला. एक चाचणी दहा मिनिटे चालणे सुसह्य असते. शेकडो चाचण्या, प्रत्येक फाइल सिस्टीमची अनेक रूपे आणि निरनिराळी यंत्रे यांचा गुणाकार केला म्हणजे दिवस अपुरे पडतात. म्हणून संचात गट पाडण्यात आले. अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपणाऱ्या चाचण्यांचा एक शीघ्र गट ठरला, तर नित्य आपोआप चालवावयाच्या गटातील चाचणीने साधारण पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ घेऊ नये असा संकेत रूढ झाला. चाचणी किती काळ चालावी हा प्रश्न पूर्वी एकेका अभियंत्याच्या मर्जीवर होता. आता तो सामूहिक शिस्तीचा भाग बनला.

क्रियासंख्या की काळ?

क्रियासंख्येचे माप अपुरे पडण्याचे दुसरे कारण यंत्रांच्या वेगातील तफावतीत आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या जागी लेखन-वाचन करावयाचे असता तिच्याकडून सेकंदाला शंभर-दीडशे क्रियांपलीकडे फारशी अपेक्षा करता येत नाही. याउलट आधुनिक अर्धवाहक साठवणसाधने सेकंदाला लाखाच्या घरात क्रिया करू शकतात. दहा लाख क्रियांची एक चाचणी आहे आणि प्रत्येक क्रिया प्रत्यक्ष साधनापर्यंत पोहोचते, असे उदाहरणादाखल धरू. सेकंदाला शंभर क्रियांच्या वेगाने ती पूर्ण होण्यास सुमारे पावणेतीन तास लागतील. सेकंदाला एक लाख क्रियांच्या वेगाने ती दहा सेकंदांत संपेल. एकाच संख्येचा अर्थ एका यंत्रावर पावणेतीन तास अडवून बसणे, तर दुसऱ्या यंत्रावर ताण येण्यापूर्वीच थांबणे असा होतो.

यावर प्रथम जो उपाय निघाला तो गुणकाचा होता. एक्सएफएसटेस्ट्समध्ये कालगुणक व भारगुणक असे दोन चलांक आले. चालविणाऱ्याने आपल्या यंत्राच्या कुवतीनुसार ते वाढवावेत आणि चाचणीतील मूळ संख्या त्या पटीत वाढाव्यात, अशी ती योजना होती. परंतु नावात काळ असला तरी हा गुणक बहुतेक ठिकाणी क्रियांच्या संख्येलाच लागू होत असे. गुणक दहा केला असता चाचणी प्रत्यक्षात किती तास चालेल, हे अनुभवावाचून सांगता येत नसे.

२०२३ मध्ये या संचात थेट काळाचे माप आले. एफएसएक्स व एफएसस्ट्रेस या दोन्ही आज्ञावलींना ठरावीक सेकंदांनंतर स्वतःहून थांबण्याची सोय देण्यात आली. दीर्घकाळ चालवावयाच्या चाचण्यांचा स्वतंत्र गट ठरवून त्यांचा कालावधी एकाच चलांकाने नियंत्रित करण्याची व्यवस्था झाली. मिनिटे, तास, दिवस, इतकेच नव्हे तर आठवडे या एककांतही तो सांगता येतो. रोजच्या तपासणीत हीच चाचणी काही मिनिटे आणि नव्या आवृत्तीपूर्वी ती कित्येक दिवस चालविता येऊ लागली. चाचणी तीच राहिली आणि तिचा कालावधी प्रसंगानुसार ठरू लागला.

या बदलाची किंमतही लक्षात घेतली पाहिजे. क्रियासंख्येने बांधलेल्या चाचणीत काम निश्चित असते व वेळ अनिश्चित असतो. काळाने बांधलेल्या चाचणीत वेळ निश्चित असतो व काम अनिश्चित असते. संथ यंत्रावर एका तासात जेवढे काम होते, त्याच्या कित्येक पट काम वेगवान यंत्रावर होते. त्यामुळे दोन ठिकाणी एक तासाची चाचणी यशस्वी झाली म्हणजे दोन्ही ठिकाणी सारखीच खात्री झाली असे म्हणता येत नाही. बेल प्रयोगशाळेतील जॉन मुसा यांनी १९७५ मध्ये सॉफ्टवेअरच्या विश्वासार्हतेचा सिद्धांत मांडताना दिनदर्शिकेतील काळ व प्रत्यक्ष प्रक्रियाकाळ यांत भेद केला होता. विश्वासार्हता मोजावयाची तर दुसरा काळ मोजला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. फाइल सिस्टीमच्या चाचण्यांनी व्यवहाराच्या सोयीसाठी पहिल्या काळाकडे जाणे पसंत केले. या तडजोडीची जाणीव निष्कर्ष काढताना ठेवावी लागते.

थांबविणे आणि थांबणे

कालमर्यादा ठरविली तरी ती अंमलात कशी आणावयाची हा वेगळा प्रश्न आहे. सर्वांत सोपा मार्ग बाहेरून थांबविण्याचा होय. ग्नू प्रकल्पाच्या मूलभूत साधनांत २००८ मध्ये टाइमआउट ही आज्ञा समाविष्ट झाली. ठरलेला वेळ संपताच ती दिलेल्या आज्ञावलीला समाप्तीचा संकेत पाठविते. परंतु फाइल सिस्टीमच्या बाबतीत हा मार्ग पुरेसा ठरत नाही. डिस्कच्या उत्तराची वाट पाहत कर्नलमध्ये थांबलेली प्रक्रिया बऱ्याचदा कोणत्याही संकेताला दाद देत नाही. मुख्य प्रक्रिया थांबली तरी तिच्या उपप्रक्रिया मागे राहू शकतात आणि त्या फाइली धरून बसल्यामुळे फाइल सिस्टीम विलग करता येत नाही. सर्वांत महत्त्वाची अडचण अशी की, बाहेरून मारलेली चाचणी केवळ संथ होती की कायमची अडकली होती, हे समजत नाही. संथपणा हा यंत्राचा गुणधर्म आहे. अडकणे हा कर्नलचा गंभीर दोष आहे. या दोहोंची गल्लत झाली तर चाचणीचा हेतूच विफल होतो.

लिनक्स टेस्ट प्रोजेक्टने २०२२ च्या सुमारास आपल्या चाचणी-ग्रंथालयात या दोन संकल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या. चालण्याचा कालावधी ही पहिली संकल्पना होय. चाचणी आपल्या प्रत्येक आवर्तनात किती वेळ शिल्लक आहे हे विचारते आणि वेळ संपल्यावर हातातील काम पूर्ण करून सन्मानाने थांबते. असे थांबणे हे अपयश मानले जात नाही. सहनमर्यादा ही दुसरी संकल्पना होय. कालावधी संपूनही चाचणी थांबली नाही, तर ठरावीक सवलतीच्या वेळानंतर ती अडकली असे समजून बळाने संपविली जाते आणि त्याची नोंद अपयश म्हणून होते. दोहोंसाठी स्वतंत्र गुणक असल्याने संथ यंत्रावर सहनमर्यादा वाढविता येते आणि घाईच्या प्रसंगी कालावधी कमी करता येतो. लिनक्स कर्नलमध्येही अशीच एक पहारेव्यवस्था आहे. एखादी प्रक्रिया सामान्यतः १२० सेकंदांहून अधिक काळ खंडित न करता येणाऱ्या प्रतीक्षेत राहिली, तर कर्नल स्वतः इशारा नोंदवितो.

येथे कालमर्यादेचे स्वरूपच पालटलेले दिसते. प्रारंभी ती केवळ वेळ वाचविण्याची युक्ती होती. आता ती निदानाचे साधन बनली. ज्या चाचणीचा अपेक्षित शेवट माहीत आहे, तिच्याच बाबतीत ती वेळेवर संपली नाही हा पुरावा ठरू शकतो.

दीर्घ चाचणीच्या मर्यादा : तीन घटना

चाचणी जितकी लांब तितकी खात्री अधिक, असा सर्वसाधारण समज आहे. पुढील तीन घटना या समजाची मर्यादा दाखवितात.

पहिली घटना नोव्हेंबर २००१ मधील आहे. लिनक्स कर्नलची २.४.१५ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि लगेच लक्षात आले, की फाइल सिस्टीम विलग करताना माहितीचा हिशेब बिघडू शकतो. काही दिवसांतच २.४.१६ ही सुधारित आवृत्ती काढावी लागली. हा दोष फाइल सिस्टीम चालू असताना नव्हे, तर तिचे काम संपविताना प्रकट होत होता. एखादी ताणचाचणी सलग आठवडाभर चालविली आणि मध्ये एकदाही फाइल सिस्टीम विलग केली नाही, तर असा दोष त्या आठवड्यात दिसण्याचे कारण नाही. पाच मिनिटांच्या चाचणीनंतर ती विलग करून हिशेब तपासला, तर तो दिसण्याची शक्यता निर्माण होते. एक्सएफएसटेस्ट्समध्ये चाचणीनंतर फाइल सिस्टीमची तपासणी करण्याची जी पद्धत आहे, तिचे मोल येथे कळते. ठरलेल्या वेळी थांबल्याशिवाय तपासणी करता येत नाही. म्हणून थांबणे हाही चाचणीचाच एक भाग ठरतो.

दुसरी घटना २०१८ मधील आहे. ऑक्टोबरमध्ये आलेल्या ४.१९ या आवृत्तीत एक्स्ट४ फाइल सिस्टीमवरील माहिती बिघडत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. संशय स्वाभाविकपणे एक्स्ट४ वर गेला. परंतु अनेक जाणकारांना आपल्या यंत्रांवर तो बिघाड पुन्हा घडविता येईना. अखेर डिसेंबरच्या आरंभी मूळ दोष फाइल सिस्टीमच्या खालच्या थरात, डिस्ककडे मागण्या पोहोचविणाऱ्या बहुरांगी व्यवस्थेत सापडला. मागण्यांची क्रमवारी लावणारा घटक वापरात नसताना विशिष्ट परिस्थितीतच तो उद्भवत होता. ज्या यंत्राची मांडणी ही परिस्थिती निर्माणच करीत नाही, त्यावर चाचणी महिनाभर चालविली तरी ती निष्फळ ठरली असती. येथे उणीव कालावधीची नव्हती, वैविध्याची होती.

तिसरी घटना डिसेंबर २०२३ मधील आहे. लिनक्सच्या ६.१ या दीर्घकालीन शाखेत ६.१.६४ ही आवृत्ती आली. नव्या शाखेतील एक दुरुस्ती जुन्या शाखेत आणताना तिला आवश्यक असलेला दुसरा बदल मागे राहिला होता. परिणामी एक्स्ट४ वर थेट लेखन करताना फाइलमधील स्थान योग्य रीतीने पुढे सरकत नसे आणि माहिती चुकीच्या जागी लिहिली जाण्याचा धोका होता. डेबियन प्रकल्पाने आपल्या १२.३ या आवृत्तीच्या प्रतिमांचे प्रकाशन थांबविले आणि १० डिसेंबर २०२३ रोजी १२.४ प्रसिद्ध केली. या दोषाचा सुगावा लागण्यास लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमधील एका छोट्या चाचणीचे अपयश कारणीभूत ठरले. ही दिवसभर चालणारी ताणचाचणी नव्हती. दीर्घकालीन शाखांच्या नव्या आवृत्त्यांना परीक्षणासाठी साधारणपणे दोन दिवसांचीच मुदत मिळते. त्या मुदतीत जी चाचणी पूर्ण होत नाही, तिचा निकाल निर्णयासाठी उशिरा पोहोचतो. चाचणीला मर्यादा घालणे हे म्हणूनच आळसाचे लक्षण मानता येत नाही. निकाल वेळेवर हाती यावा यासाठी ती मर्यादा आवश्यक असते.

मर्यादेचे गणित व व्याप्तीची मर्यादा

काळ वाढविल्याने लाभ किती वाढतो, याचा साधा हिशेब करता येतो. एखादा दोष दर क्रियेमागे दहा लाखांत एक इतक्या संभाव्यतेने प्रकट होतो आणि क्रिया परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानू. दहा लाख क्रियांनंतर तो सापडण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. तीस लाख क्रियांनंतर ती ९५ टक्के, सेहेचाळीस लाखांनंतर ९९ टक्के आणि एकोणसत्तर लाखांनंतर ९९.९ टक्के होते. पहिल्या दहा लाखांनी ६३ टक्क्यांची प्राप्ती करून दिली, तर सेहेचाळीस ते एकोणसत्तर लाखांपर्यंतच्या तेवीस लाख क्रियांनी एका टक्क्याचीही भर घातली नाही. दुसऱ्या बाजूने, एकही दोष न सापडता तीस लाख क्रिया पार पडल्या, तर दोषाची संभाव्यता दहा लाखांत एकाहून कमी आहे एवढेच ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. ती शून्य आहे असे म्हणता येत नाही. मार्सेल ब्योमे व ब्रँडन फाल्क यांनी २०२० मध्ये यादृच्छिक चाचण्यांविषयी जे संशोधन मांडले, त्याचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. नवे दोष समप्रमाणात मिळवावयाचे तर यंत्रबळ घातांकी प्रमाणात वाढवावे लागते.

या पार्श्वभूमीवर टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेली क्रॅशमंकी व तिच्याशी संलग्न पद्धत विशेष उल्लेखनीय ठरते. यंत्र अचानक बंद पडल्यावर माहिती शाबूत राहते का, हा त्यांचा विषय होता. आधीच्या पाच वर्षांत नोंदल्या गेलेल्या अशा २६ दोषांचा त्यांनी अभ्यास केला. बहुतेक दोष नव्याने तयार केलेल्या छोट्या फाइल सिस्टीमवर तीन किंवा त्याहून कमी मुख्य क्रियांनी पुन्हा घडविता येतात, असे त्यांना आढळले. त्यांनी यादृच्छिक दीर्घ क्रम सोडून लहान क्रमांची पद्धतशीर यादी केली. सुमारे ३३.७ लाख क्रम ६५ संगणकांवर दोन दिवसांत तपासले. आधीचे २४ दोष तर सापडलेच, शिवाय प्रचलित लिनक्स फाइल सिस्टीममधील १० नवे दोष हाती आले. येथे मर्यादा काळावर नाही, क्रियांच्या एकूण संख्येवरही नाही. ती एका क्रमाच्या लांबीवर, म्हणजे व्याप्तीवर आहे. या मर्यादेचा विशेष असा की तिच्या आतील भाग पूर्णपणे पाहिला गेला, असे अखेरीस सांगता येते. काळाने बांधलेल्या यादृच्छिक चाचणीला हे सांगता येत नाही.

अर्थात याचा अर्थ दीर्घ चाचण्या निरुपयोगी आहेत असा नव्हे. स्मृतीची सूक्ष्म गळती, जागा हळूहळू विखुरत जाणे, अनेक प्रक्रियांच्या दुर्मिळ गुंफणीतून उद्भवणारे दोष हे लहान क्रमांत दिसत नाहीत. त्यासाठी तासन्‌तास चालणारा भारच लागतो. दोन्ही पद्धती निरनिराळ्या जातीच्या दोषांसाठी आहेत आणि एकीने दुसरीची जागा घेण्याची अपेक्षा करणे रास्त नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) फाइल सिस्टीमच्या ताणचाचणीची मर्यादा क्रियासंख्येकडून काळाकडे सरकली. त्यामागे समांतर प्रक्रियांमुळे पुनरावृत्तीची हमी कमी होणे आणि यंत्रांच्या वेगात प्रचंड तफावत पडणे ही दोन प्रमुख कारणे होती.

२) स्वतःहून थांबणे व बळाने थांबविणे यांतील भेद स्पष्ट झाल्यावर कालमर्यादा ही केवळ सोय न राहता दोषनिदानाचे साधन बनली.

३) २००१, २०१८ व २०२३ च्या घटना असे दर्शवितात की कालावधीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व परिस्थितीच्या वैविध्याला, थांबल्यानंतरच्या तपासणीला आणि निकाल वेळेवर मिळण्याला आहे.

४) चाचणीचा अहवाल देताना केवळ ती यशस्वी झाली असे म्हणणे अपुरे आहे. किती काळ, किती क्रिया, कोणत्या यंत्रावर व कोणत्या मांडणीत ती चालली, हे नोंदविल्याशिवाय त्या यशाचा अर्थ ठरत नाही.

महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांतून चाचणी हा विषय शिकविला जातो, तेव्हा भर बहुधा चाचणी कशी लिहावी यावर असतो. ती केव्हा व कशी थांबवावी हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या कडेला राहतो. पुण्यासारख्या शहरात नव्वदच्या दशकापासून माहिती साठवणुकीच्या सॉफ्टवेअरचा उद्योग रुजला असून तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना या प्रश्नाला प्रत्यक्ष सामोरे जावे लागते. एकाच यंत्रावर एफएसएक्स क्रियासंख्येने व काळाने बांधून चालवावी आणि दोन्ही निकालांची तुलना करावी, इतके साधे प्रात्यक्षिकही या इतिहासाचे सार विद्यार्थ्यांपुढे ठेवू शकेल. दोषरहिततेची अंतिम ग्वाही कोणतीही चाचणी देत नाही, हे डाइक्स्ट्रा यांचे म्हणणे आजही अबाधित आहे. ज्यांची माहिती या व्यवस्थेवर विसंबून आहे त्यांना किमान एवढे तरी सांगता आले पाहिजे, की कोठवर पाहिले, का थांबलो आणि कोणता भाग पाहावयाचा राहिला.